सलाईनवरचे लिंब

बोरखडी, वाटूरजवळ
३ ऑक्टोबर २०२४

चि. कल्याणला उषाअक्काचे आशीर्वाद.

पत्र बघून हसू नको. फोन केला की तू लगेच 'अक्का, शांत हो, शांत हो' सुरू करतोस, आन् मला शांत व्हायचं न्हाई. म्हणून लिहून राह्यले. कागद मधी बोलत न्हाई.

गायरानाच्या कडेची जुनी खदान तुला माहीत आहे. सुट्टीत माझ्याकडं आलास की दिवसभर तिथंच पोहायचास, कान धरून आणावं लागायचं. त्या खदानीत गेल्या सालापासून डॉक्टर देवानंदच्या मोठ्या दवाखान्याचा टेम्पो येऊन राह्यला. तालुक्याहून निघतो, वर ताडपत्री, नंबराच्या पाटीला चिखल फासलेला. काय टाकतो विचार. रक्ताचे बोळे, पट्ट्या, सुया, फुटक्या बाटल्या. मधी एकदा कुत्र्यानं एक पिशवी ओढत मारुतीच्या पारापर्यंत आणली, तर आत कुण्या बाईची वार! कुणाच्या तरी लेकराची वार, कल्याण, आन् कुत्र्याच्या तोंडात! माझी जचकी झाल्ती तेव्हा सुईणीनं ती खड्डा करून, वर दगड ठेवून पुरली होती. आता शिकलेल्या लोकांची ही रीत.

आता खरं सांगते. मागच्या आठवड्यात आपली सून वंदना बकऱ्यांना गवत कापायला खदानीकडच्या बांधाला गेल्ती. सुई चपलेतून आरपार टाचेत. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईनं तिला लगेच जालन्याला पाठवलं. रक्त घेतलं, इंजेक्शनं दिली, गोळ्या लावल्या. म्हणाले, तीन महिन्यांनी तपासू, परत सहा महिन्यांनी तपासू, तवर काही सांगता येत न्हाई. आन् तवर लेकराला अंगावर पाजायचं न्हाई.

आमची बारकी चार महिन्यांची. मी वाटी-चमच्यानं पाजते तर थुंकून देती आन् मान वळवून आईला हुडकती. तिकडं वंदना आतल्या खोलीत तोंडात पदर कोंबून बसती. छातीवर ओलं फडकं बांधून. हे रोज चालू आहे आमच्या घरात.

भारत तर मुकाच झाला. माझं पोरगं शाळेत शिकवताना दिवसभर बडबड करतं, घरी आलं की भिंत बघत बसतं.

तू हायकोर्टात कोट घालून हिंडतोस ना? मंग ये जल्दी.

तुझी
उषाअक्का

*

छत्रपती संभाजीनगर
९ ऑक्टोबर २०२४

ती. उषाअक्का, सा. न.

शांत हो असं लिहिणार नाही. वाचून मीच शांत राहिलो नाही.

केस होते. दवाखान्याच्या कचऱ्याला कायदा आहे आणि तो स्पष्ट आहे. रक्ताचं, मांसाचं पिवळ्या पिशवीत. नळ्या आणि प्लास्टिक लाल पिशवीत. सुया पांढऱ्या कडक डब्यात. हे सगळं परवाना असलेल्या गाडीनं न्यायचं आणि ठरलेल्या ठिकाणीच नष्ट करायचं. माझा अंदाज असा की, हा डॉक्टर त्या गाडीला नावापुरत्या चार पिशव्या देत असेल आणि बाकीचा माल तुमच्या खदानीत. खर्च वाचतो.

जनहित याचिका टाकू. अर्जदार तू. भारत नोकरीतला माणूस आहे, संस्थेची शाळा आहे, त्याला पुढं करायचं नाही.

खदानीचे फोटो पाठव, पण कशालाही हात लावू नका. आणि एक गोष्ट नीट विचार करून कळव. या डॉक्टरशी आपल्या घराचा काही संबंध आहे का? उसनंपासनं, देणंघेणं, भांडण, अगदी बारीकसुद्धा? मला कोर्टात शपथेवर लिहावं लागतं की अर्जदाराचा यात खाजगी संबंध नाही. नंतर काही निघालं तर माझं नाक कापलं जाईल ते जाऊ दे, केस जाईल.

वंदनाला सांग, गोळ्या चुकवू नको. बारकीला पापा.

तुझा
कल्याण

*

बोरखडी
२१ ऑक्टोबर २०२४

चि. कल्याण, आशीर्वाद.

संबंध? बिलकुल न्हाई. आम्ही इलाजाला त्याच्या दवाखान्याची पायरी चढलो न्हाईत. वंदनाचं बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं. त्यानं आम्हाला काही दिलं न्हाई, आम्ही त्याचं काही खाल्लं न्हाई. लिही बिनधास्त.

मी अंगणवाडीत होते तेव्हा डोसाच्या दिवशी सिस्टरबाई यायची. एका खोलीत चाळीस लेकरं रडायची, तिला घाम पुसायला सवड नसायची, तरी दर सुईचं टोक ती डबीत घालून कापायची आन् मंगच दुसरं लेकरू घ्यायची. तिला पंख्याची सोय नव्हती. ह्याच्याकडं काचेची बिल्डिंग, लिफ्ट, गणपती संगमरवरी, आन् सुया आमच्या बांधाला!

वाटूरहून फोटो छापून आणले, सोबत धाडते. खदानीत उतरू नको म्हणलास म्हणून भारतच्या लिंबांमधी उभं राहून वरून काढलेत. गेल्या उन्हाळ्यात त्यानं शाळेच्या लेकरांना घेऊन गायरानात कडूलिंब लावले, पेपरात आल्तं, तुला कात्रण धाडलं होतं. झाडांना टांगलेल्या बाटल्या दोन फोटोंत मधी आल्यात. तेवढ्या तू कापून घे.

सरपंच काकासाहेब काल येऊन गेला. 'वैनी, डॉक्टर गावासाठी फुकट कॅम्प घेतो, कशाला वाकडं करता?' मी म्हणलं, 'काकासाहेब, कॅम्प फुकट आन् रोग पण फुकट, व्वा!' चहा न पिताच गेला.

वंदना गोळ्या घेती. पोटात काही टिकत न्हाई तिच्या.

उषाअक्का

*

छत्रपती संभाजीनगर
१८ जानेवारी २०२५

ती. अक्का,

आज सा. न. लिहायला हात धजत नाही, इतका चिडलोय.

डॉक्टरचं उत्तर दाखल झालं. खंडपीठासमोर त्याच्या वकिलानं एक फोटो ठेवला. गायरानातली झाडं, प्रत्येक झाडाला काठी, काठीला उलटी टांगलेली सलाईनची बाटली, खाली नळी. पुढं भारत आणि शाळेची मुलं. आणि मधोमध तू, डॉक्टर देवानंदच्या खांद्यावर शाल घालताना, हातात नारळ! खाली बातमी: 'डॉक्टरांच्या दानातून हिरवं झालं बोरखडीचं गायरान.'

त्याचं म्हणणं वाच. खदानीतला कचरा आमचा नाही. अर्जदाराचा मुलगाच आमच्या दवाखान्यातून वापरलेल्या बाटल्या आणि नळ्या मागून नेत होता, आम्ही समाजकार्य म्हणून देत होतो. नको असलेला माल त्यानंच खदानीत टाकला असावा. अर्जदार स्वच्छ हातांनी आलेली नाही, याचिका फेटाळा, दंड लावा.

मी विचारलं होतं ना तुला, अक्का? अगदी बारीकसुद्धा? न्यायमूर्ती चष्म्यावरून माझ्याकडं बघत होते. मी शपथेवर लिहिलंय की संबंध नाही! आणि त्या दोन फोटोंतल्या बाटल्या मी स्वतः कापून टाकल्या. मला वाटलं, पाण्याच्या बाटल्या असतील. कात्रण मी वाचलंच नव्हतं, भारतचा फोटो बघून ठेवून दिलं होतं. पण तू? तू तर शाल घातलीस!

पुढची तारीख महिन्यानं आहे. उत्तर दे.

कल्याण

*

बोरखडी
२४ जानेवारी २०२५

कल्याण,

माझ्यावर चिडतोस? चीड. मी पण चिडले आहे, आन् मी मोठी आहे.

ते देणंघेणं होतं होय रे? ती झाडं होती! मला स्वप्नात पण आलं न्हाई की तू ते विचारून राह्यलास. बाटली उलटी टांगायची, नळीचं चाक थोडं ढिलं करायचं, थेंब थेंब पाणी मुळाशी पडतं. घागरभर पाण्यात रांग भिजती. इथं गावोगाव करतात. शाळा करतात, साहेब लोक येऊन फोटो काढतात, शाबासकी देतात. भारतला वृक्षमित्राचं ढाल-प्रशस्तिपत्र त्याच्यावरच भेटलं. मार्च-एप्रिलात ह्या गायरानात कुसळ पण उभं राहत न्हाई, तिथं ह्या पोरानं लिंब जगवले. मी शाल घातली, हो, घातली! माझ्याच लग्नातली होती, कोरी ठेवल्ती.

भारत मोटरसायकलवर गोण्या आणायचा. डॉक्टरच म्हणाला होता, 'गुरुजी, लागतील तेवढ्या न्या, आम्हाला फेकायच्याच आहेत.' नळीच्या टोकाला सुई तशीच असायची. भारत कापायचा, शाळेची लेकरं धुवायची. हौदावर बसून, हसत-खेळत.  तेव्हा आम्हाला वाटलं, डॉक्टरनं दिलंय म्हणजे बराबरच असणार. डॉक्टरच्या हातून आलेली वस्तू कुणी वास घेऊन बघतं का?

आन् आता तो म्हणतो, ह्यांनीच नेलं, ह्यांनीच फेकलं. अरे, टेम्पो त्याचा! वार कुणाची होती, भारतची? देणारा डॉक्टर आहे का आम्ही? शिकलाय कोण, तो का आम्ही? चांगलं वाईट त्याला कळायला पाहिजे का सातवी शिकलेल्या मला?

संस्थेनं भारतला मेमो दिला. परवा तो झाडाच्या बाटल्या ओरबाडून काढायला निघाल्ता, मी हात धरला. म्हणतो, 'आई, केस मागं घे, माझ्यामुळं वंदनाला झालं असलं तर मी तोंड कुणाला दाखवू?' मी म्हणलं, वंदनाला सुई खदानीकडं टोचली. तो उठून गायरानाकडं गेला.

मी मागं घेणार न्हाई. तुला भीती वाटत असली तर सांग, दुसरा वकील बघते.

उषाअक्का

*

छत्रपती संभाजीनगर
३० जानेवारी २०२५

ती. अक्का, सा. न. आणि माफी.

दुसरा वकील बघू नको. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि एका वाक्यावर उठून उभा राहिलो. 'देणारा डॉक्टर आहे का आम्ही?'

बघ, मी किती मठ्ठ. त्याचं उत्तर वाचून मी घाबरलो, कारण त्यात भारतचं नाव होतं. पण त्यात त्यानं स्वतःच्या सहीनं काय लिहून दिलंय? की वापरलेल्या बाटल्या, नळ्या आम्ही बाहेरच्या माणसाला देत होतो. अक्का, तेच तर बेकायदेशीर आहे! नळी जंतुमुक्त करून, तिचे तुकडे करूनच पुढं जायला हवी. सुई पांढऱ्या डब्याबाहेर दिसताच कामा नये. दान म्हणून नाही, विकत नाही, कुणी पाया पडून मागितलं तरी नाही. जबाबदारी दवाखान्याची, तो कचरा नष्ट होईपर्यंत. भारतवर ढकलायला गेला आणि स्वतः कबूल करून बसला.

पण आपल्याला आता सगळं खरं सांगावं लागेल. भारतला शपथपत्र द्यावं लागेल, गोण्या कशा आणल्या, मुलांनी काय केलं, सगळं. नोकरीला झळ बसेल, मी खोटा धीर देत नाही. बाटल्या तशाच राहू देत, तो पुरावा आहे.

आणि एक विचारतो, रागावू नको. वंदनाला सुई नेमकी कुठं टोचली? तिला विचार. तुला काय वाटतं ते नको, ती काय सांगते ते लिही. झाडाखाली टोचली असेल तर तसंच लिहायचं.

तुझा
कल्याण

*

बोरखडी
१२ फेब्रुवारी २०२५

चि. कल्याण, आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तसं मी चार दिवस उशीखाली ठेवलं. वंदनाला विचारायची हिंमत होईना. भारत घरात असला की विचारवत न्हाई, नसला की ती चुलीपाशी अशी बसलेली असती की माझीच जीभ उचलत न्हाई. मंग विचारायची पाळीच आली न्हाई. ऐक.

काल दुपारी काकासाहेब आला, आन् त्याच्या मागं खुद्द डॉक्टर देवानंद. पांढरे कपडे, तोंडभर हसू. बाजेवर बसला. 'उषावैनी, मी आपलाच माणूस. कोर्टकचेरी आपल्यात शोभते का?' वंदनाचा पुढचा सगळा इलाज फुकट करतो म्हणाला. बारकीसाठी झबलं आणल्तं, बाजेवर ठेवलं. मंग आवाज खाली करून म्हणतो, 'केस चालली तर गुरुजींचं नाव निघणार. मुलांच्या हातात सुया दिल्या म्हणून पालक उठतील. नोकरी जाईल. मला वाईट वाटतंय हो.'

भारत खाली मान घालून उभा. मी तोंड उघडणार तवर आतून वंदना आली. बारकी कडेवर. वडीलधाऱ्यांसमोर कधी मोठ्यानं बोलली न्हाई ती पोरगी.

म्हणाली, 'डॉक्टरसाहेब, मला सुई खदानीत न्हाई टोचली. ह्यांच्या लिंबाखाली टोचली. बांधाकडच्या शेवटच्या लिंबाच्या आळ्यात पाय ठेवला तेव्हा. मला पहिल्या दिवसापासून माहीत हाय.'

भारतनं वर बघितलं. कल्याण, माझ्या पोराचं ते तोंड मी कधी विसरायची न्हाई.

डॉक्टर हसला. काकासाहेबाकडं बघून म्हणतो, 'बघा! म्हणजे आमचा काही संबंधच नाही.'

वंदना म्हणाली, 'मी गप बसले, कारण ह्यांनी जेवण सोडलं असतं. ह्यांना वाटलं असतं, मीच बायकोला मारलं. पण सुई ह्यांची न्हाई. ह्यांनी झाडं लावली. सुई तुमच्या गोणीतून आली. तुम्हाला ठाऊक नव्हतं का, सुई काय करती ते? तुमच्या बायकोच्या माहेरी पाठवली असती का तुम्ही ती गोणी?'

डॉक्टर जरा गडबडला. म्हणतो, 'मी धुऊन घ्यायला सांगितलं होतं गुरुजींना.'

'लेकरांना?' वंदना म्हणाली. 'सुया लेकरांनी धुवायच्या?'

काकासाहेबाचा नातू त्याच वर्गात हाय. हौदावर तो पण बसायचा. काकासाहेबाला ते तिथंच आठवलं बहुतेक, कारण तो उठला, डॉक्टरला न विचारताच चप्पल घालून चालू लागला. वंदनानं झबलं उचलून डॉक्टरच्या हातात दिलं आन् आत गेली.

तर हे असं आहे. लिंबाखाली टोचली. लिही तसंच. भारत पण शपथपत्र देतो. काल त्यानं दोन घास खाल्ले. वंदनाशेजारी बसून खाल्ले.

तीन महिन्यांचं रक्त चांगलं आलंय, पण सहाचं आल्याशिवाय खरं न्हाई म्हणतात. दूध तर कधीचंच आटलं तिचं.

उषाअक्का

*

छत्रपती संभाजीनगर
२० मार्च २०२५

ती. अक्का, सा. न.

आदेश झाला. नकल सोबत आहे, पण तुला सोप्या शब्दांत सांगतो.

खदान परवानाधारक लोकांकडून साफ करायची, खर्च दवाखान्याचा. सगळा कचरा नियमानं जातोय याचा अहवाल येईपर्यंत नवे पेशंट भरती करायचे नाहीत. हौदावर बसलेल्या प्रत्येक मुलाची तपासणी दवाखान्याच्या पैशानं, पण सरकारी रुग्णालयात. वंदनाचा खर्चही. गुन्हा दाखल करायचा की नाही ते पोलिसांनी पाहायचं. झाडांच्या बाटल्याही काढून न्यायच्या.

डॉक्टरचा वकील शेवटपर्यंत म्हणत होता, 'ही समाजसेवा होती.' न्यायमूर्तींनी विचारलं, 'समाजाला विचारलं होतं का?'

भारत मागच्या बाकावर बसला होता. त्याला उभं केलं.  न्यायमूर्तींनी त्याचं शपथपत्र चाळलं आणि एवढंच विचारलं, 'झाडं जगली का?' तो म्हणाला, 'बहुतेक जगली, साहेब.' मग त्यांनी पान उलटलं. त्याच्याविरुद्ध आदेशात एक अक्षर नाही. संस्थेला ती नकल दाखवा.

जिंकलो, अक्का! पुरणपोळी करून ठेव, पाडव्याला येतो.

तुझा
कल्याण

*

बोरखडी
१६ एप्रिल २०२५

चि. कल्याण, आशीर्वाद.

पाडव्याला आलास, पुरण खाल्लंस, सगळ्यांना हसवून गेलास, बरं वाटलं. तेव्हा वंदनाचा शेवटचा रिपोर्ट यायचा होता. तू जाताना विचारलं होतंस, आला की कळव. म्हणून लिहून राह्यले.

आधी खदानीचं. माणसं आली, हातात मोजे, तोंडाला फडकं, पायात ढोपरापर्यंत बूट. दोन दिवस भरून राह्यले. मंग लिंबांकडं वळले आन् एकेक बाटली अशी काढली जशी विषारी इंगळी चिमट्यात धरावी. आमची लेकरं त्याच बाटल्यांशी नुसत्या हातानं खेळली. गावातल्या बाया बघत उभ्या होत्या. काकासाहेबानं नातवाला घट्ट धरलं होतं. लेकरांचे रिपोर्ट चांगले आले म्हणतात. देवाचं नाव घ्यावं का कोर्टाचं, मला कळंना.

आता झाडांना पाणी न्हाई. भारत सकाळी शाळेच्या आधी घागरी नेतो, संध्याकाळी वंदना जाती, मी जमेल तेवढं. दोन लिंब गेले. बाकीचे बघू.

तुझा डॉक्टर मागच्या आठवड्यात वडीगोद्रीकडं कुठल्याशा कार्यक्रमाला प्रमुख पाहुणा होता. पेपरात फोटो आलाय. खांद्यावर शाल. ह्या वेळी माझी न्हाई, एवढंच.

आता रिपोर्टचं. चांगला आला. पक्का चांगला, डॉक्टरीणबाईनं दोनदा सांगितलं. वंदनाला काही झालं न्हाई. भारत दवाखान्याच्या दारात बसून रडला, लोकं बघत होती तरी रडला.

घरी आल्यावर वंदनानं हातपाय धुतले, आतल्या खोलीत गेली, बारकीला मांडीवर घेतलं. दूध आटलंय हे तिला माहीत होतं, मला पण माहीत होतं, तरी मी दार लोटून घेतलं. म्हणलं, नुसतं तोंड लावू दे, बाईच्या जिवाला बरं वाटंल.

 मंग बारकी रडायला लागली. मी दार उघडलं, तर ती आईच्या छातीला दोन्ही हातांनी ढकलून राह्यली होती, आन् माझ्याकडं बघून वाटी-चमचा मागत होती. दहा महिन्यांची झाली, तिला आता ओळखच न्हाई. वंदनानं तिला माझ्याकडं दिलं. ब्लाऊजचे हुक लावले. म्हणाली, 'आई, पाजा तिला. भूक लागली हाय.'

आदेशाची नकल मी परत वाचली, सगळी. खदान आहे, बाटल्या आहेत, रक्ताची तपासणी आहे, खर्चा आहे. हे कुठं न्हाई.

तू वकील आहेस. हे कोणत्या कलमात बसतं ते मला लिहून कळव.

उषाअक्का